दुरून केलेला सलाम

१९०० सालच्या दुष्काळात केडगावच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास बायका-मुलं होती. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं हे माळरान. पाऊस तिथं एरवीही हात राखूनच पडतो. त्या वर्षी आसपासच्या विहिरींचे तळ दिसू लागले. मुक्तीच्या विहिरींवर एवढ्या जीवांचं पिणं, धुणं, रांधणं, शिवाय जमेल तेवढी भाजी अवलंबून. संध्याकाळपर्यंत उपसा होऊन विहिरी कोरड्या पडायच्या, आणि पहाटे मुली घागरी घेऊन जायच्या तेव्हा पुन्हा दिवसापुरतं पाणी चढलेलं असायचं. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ही हकिकत येते. मी ती पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी आजीच्या तोंडून ऐकली, कारण त्या घागरीवाल्या मुलींत तिची आई होती.

आजीने ती मला सांगितली १९७२ च्या दुष्काळात. आमचं गाव राहुरी तालुक्यातलं, कोरडवाहू. त्या वर्षी शाळेत सुकडी मिळायची आणि घरात लाल मिलोच्या भाकरी. थापताना त्या फाटायच्या, खाताना घशात अडकायच्या. आई आणि आजी दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जाई. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडताना बायका आजीला म्हणायच्या, "आजी, तुमच्या देवाला सांगा की जरा पाऊस पाडायला." आजी म्हणायची, "सांगते की रोज. पण पाऊस पडेपर्यंत हातोडा उचलायची ताकद दे, हे आधी मागते." बायकांना ते पटायचं. त्यांचंही मागणं तेच होतं.

रात्री अंगणात पडल्या पडल्या आजी केडगाव सांगायची. तिने स्वतः त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. ते सगळं तिच्या आईचं, म्हणजे माझ्या पणजीचं. पण आजी असं सांगायची की विहिरीच्या पायऱ्यांवरचा ओलावा पायाला लागावा. त्या रात्री ऐकलेल्या गोष्टींमधून माझी श्रद्धा उभी राहिली. पुढे वाचन झालं, प्रवचनं ऐकली, शंका आल्या, त्यांची उत्तरं शोधली. पाया मात्र तिथं पडला.

पणजीला आपलं गाव कधीच सांगता आलं नाही. "डोंगर होता आणि मोहाची झाडं होती," एवढंच. मध्य प्रांतातलं कुठलंतरी खेडं. १८९६ साली तिकडे पिकं बुडाली, ९७ उजाडेपर्यंत माणसं रस्त्याकडेला मरू लागली. तिचा बाप आधी गेला. आई तिला घेऊन अन्नछत्राच्या दिशेने निघाली आणि वाटेत बसली ती उठलीच नाही. पणजी तेव्हा सहा-सात वर्षांची असावी. कुणीतरी तिला छावणीत नेऊन टाकलं. तिथून रमाबाईंच्या माणसांनी तिला उचललं, बैलगाडीने रेल्वेपर्यंत आणि रेल्वेने केडगावपर्यंत आणलं.

बाईंना दुष्काळ काय असतो हे कुणी समजावून सांगायला नको होतं. १८७४ साली दक्षिणेत त्यांच्या डोळ्यांदेखत वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई गेली, मग थोरली बहीण. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास, दोघं पायी देश तुडवत कलकत्त्यापर्यंत गेली. बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं म्हणून ज्या अनंतशास्त्रींना लोकांचे बोल ऐकावे लागले, त्यांच्याच लेकीला कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी गेले. हातात तान्ही मनोरमा. एवढं सगळं वयाच्या पंचविशीच्या आत.

१८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मला नेहमी थांबवतो तो त्यांचा पुढचा कबुलीजबाब. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. केवढ्या मोठ्या विदुषीने केवढ्या साधेपणाने हे लिहिलं! शास्त्र मुखोद्गत होतं, वादात कुणी हरवू शकत नव्हतं, देशोदेशी नाव झालं होतं. आणि आत मात्र स्वस्थता नव्हती. ती १८९१ च्या सुमारास आली. आपण जशा आहोत तशा त्याच्या स्वाधीन व्हायचं, आपल्या पुण्याईचा हिशेब मांडायचा नाही, एवढं त्यांनी केलं आणि जन्मभराची धावपळ आतल्या आत शांत झाली. बाहेरची धावपळ मात्र त्यानंतरच खरी सुरू झाली. मुंबईत १८८९ साली शारदा सदन काढून ते त्यांनी पुण्याला आणलं होतं. १८९७ च्या दुष्काळातल्या मुली प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या त्यांच्या जमिनीवर तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन.

पणजीची पहिली आठवण पेजेची. उपाशी पोटाला एकदम भाकरी चालत नाही, माणूस दगावतो. म्हणून वाटीभर पातळ पेज, पुन्हा थोड्या वेळाने वाटीभर. मुली आणखी मागायच्या, रडायच्या, ओरबाडायच्या. वाढणारी बाई जवळ बसून त्यांचे हात हातात धरायची. आणलेल्या सगळ्या मुली जगल्या नाहीत. पणजीच्या शेजारी निजणारी एक पोर तिसऱ्या-चौथ्या रात्री गेली. सकाळी ते पाहून पणजी रडली नाही. रडू यायला आधी थोडं बळ यावं लागतं, असं ती म्हणायची.

बळ आलं तसं रडू आलं, मग हसू आलं. नाना जातींच्या, नाना बोलींच्या पोरी एका पंगतीला बसू लागल्या. पणजी मराठी शिकली, वाचायला शिकली, दळण-कांडण, शेतकाम, शिवण शिकली. बाईंना ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांच्याशी बोलताना जवळ जाऊन तोंड वर करून बोलावं लागे. त्या वाकून ऐकायच्या. "एवढी मोठी बाई माझ्यासारखीचं ऐकायला वाकायची," हे सांगताना पणजीचा आवाज भरून यायचा, असं आजी म्हणायची. न दिसणारा देव आपलं ऐकतो, हे त्या मुलींना कळलं ते अशा वाकण्यातून. धर्मज्ञानाचे धडे त्यानंतरचे.

मुक्तीत आंधळ्या मुली पुष्कळ होत्या. दुष्काळात पोटात पोषण नसलं की मुलांचे डोळे जातात. आज आपण त्याला जीवनसत्त्व अ चा अभाव म्हणतो. तेव्हा नुसतं 'डोळे गेले' म्हणत. बाईंनी त्यांच्यासाठी वेगळं सदन काढलं आणि यरीहोच्या वाटेवर येशूला हाक मारणाऱ्या आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून त्याला बार्तिमी सदन म्हटलं. मनोरमाबाईंनी त्या मुलींना ब्रेल शिकवली. पणजीची जिवाभावाची मैत्रीण तिथली होती. दोघींची सतत चढाओढ. एकदा ती पणजीला म्हणाली, "तुला रात्री वाचायला दिवा लागतो. मी गोधडीत वाचते." आणि खदाखदा हसली. हे वाक्य आमच्या घरात चार पिढ्या टिकलं आहे. वीज गेली की आजही कुणी ना कुणी ते म्हणतंच.

१९०५ च्या जून अखेरीस मुक्तीत जे घडलं ते पुस्तकांत 'मुक्तीचं संजीवन' म्हणून येतं. जानेवारीपासून काही बायका रोज एकत्र जमून प्रार्थना करत होत्या. त्यांची संख्या वाढत वाढत शेकड्यांवर गेली. मग एके रात्री मुलींच्या वसतिगृहात एकीला पश्चात्तापाचा आणि आनंदाचा असा उमाळा आला की तो एकीकडून दुसरीकडे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पसरत गेला. तासन् तास प्रार्थना, रडणं, टाळ्या, गाणं. बाहेर त्याबद्दल उलटसुलट बोललं गेलं. पणजी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ती सांगायची की स्वयंपाकघरात पीठ मळणारी पोर मळता मळताच रडायला लागायची आणि डोळे पुसायच्या आत हसायला लागायची. एका मुलीने वर्षापूर्वी चोरलेली गुळाची ढेप कबूल केली. दोघी पक्क्या वैरिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

आजीने एकदा तिला विचारलं होतं, "आई, मग तो आनंद राहिला का?" पणजीचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ती म्हणाली, "पहाटे दळायला बसले तेव्हा कळलं. जातं तेवढंच जड होतं. पण ज्या पोरीशी मी बोलत नव्हते, ती समोर खुंटा धरून बसली होती."

पुढे तिला छापखान्यात घातलं. मुक्तीचा छापखाना बायकाच चालवत. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करायला घेतलं होतं. खेड्यातल्या बाईला वाचताच समजेल अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. त्या भाषांतराची काही पानं पणजीने जुळवली. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक धरायची, उजव्या हाताने समोरच्या खणांच्या केसमधून अक्षराचा खिळा उचलायचा. मराठीचे खण किती! काने, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, एकेकाचा खण वेगळा. अक्षर उलटं, ओळ डोक्यावर उभी. चिमटीत धरलेल्या खिळ्याची खाच बोटाला लागली की तो कसा बसवायचा ते कळे. ओळ भरली की शब्दांमध्ये शिशाचे कोरे तुकडे सारून ती घट्ट करायची, मग पुढची ओळ. पान पुरं होऊन शाई लागेपर्यंत आपण काय जुळवलं ते सरळ दिसत नसे. प्रूफ निघालं की सगळ्या पोरी त्यावर वाकायच्या. एवढं करून चुका निघायच्याच, आणि बाई त्या अचूक धरायच्या. म्हातारपणी प्रार्थनेला बसली की पणजीच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत असत. खिळा उचलायचा, बसवायचा. तिला ते ठाऊक नव्हतं. आजी तिच्या बोटांकडे पाहत बसायची.

१९१२ च्या सुमारास पणजीचं लग्न झालं. ख्रिस्ती तरुण मुली पाहायला मुक्तीत येत. माझे पणजोबा राहुरीकडच्या मिशन शाळेत मास्तर होते. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ सालच्या अखेरीस पडलं, १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जिल्ह्याच्या खेड्याखेड्यांत, बहुतेक गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत, ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. पणजोबांचे आईवडील अशाच वस्तीतले. ज्या पाणवठ्यावर त्यांना घागर लावता येत नव्हती, त्याच गावात त्यांचा मुलगा धडा शिकवू लागला. म्हणून सगळं बदललं असं नाही. अपमान पुष्कळ वर्षं चालू राहिले. पण देवाच्या लेखी आपण कोण आहोत हे एकदा कळल्यावर मान खाली घालून चालणं त्यांना जमेना.

पणजोबा कीर्तन करायचे. नगरकडची ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग सगळं मराठमोळं, आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं नाहीतर विधवेच्या दमडीचं. आणि गाणी नारायण वामन टिळकांची. विसाव्या शतकाच्या आरंभी टिळक काही वर्षं राहुरीलाच राहत होते, त्यामुळे आमच्या भागात ते पुस्तकातले कवी कधीच नव्हते, ओळखीचे टिळक होते. पणजोबांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांच्या तोंडून त्यांची भजनं ऐकली होती.

टिळकांची एक गोष्ट पणजोबा कीर्तनात रंगवून सांगत. १८९३ सालची. टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. कवितेच्या गप्पा निघाल्या, मग धर्माच्या. त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा पटलं नाही, पण पुस्तक वाचायचा शब्द त्यांनी पाळला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथं ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा स्वतःचा सूर देणारा हा माणूस. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी त्यांचं नाव भेटतं. पणजोबा इथं मृदंग थांबवायचे आणि विचारायचे, "आणि तो गाडीतला माणूस? त्याला काय दिसलं?" उत्तर तेच द्यायचे. त्याला काहीच दिसलं नाही. तो आपल्या स्टेशनावर उतरून गेला.

मग ते इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढत. अब्राहाम कुठं जायचं ते ठाऊक नसताना निघाला. म्हातारपणी सारेने मुलाची आशा धरली. वचन दिलेला देश यांच्यातल्या कुणाच्या हाती लागला नाही. दुरून तो पाहून त्यांनी त्याला सलाम केला आणि ती माणसं विश्वासातच गेली. आमच्याकडे मंडळीतले लोक भेटले की एकमेकांना सलाम म्हणतात. त्यामुळे ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना ते ओळखीचं वाटे. कुणीतरी हमखास मोठ्याने "सलाम!" म्हणून टाकी.

हा अध्याय माझ्या वडीलधाऱ्यांचं आयुष्य आहे, असं मला वाटत आलं आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा ते अपुरंच होतं. त्यांच्या ज्या पत्नी लक्ष्मीबाई या धर्मांतरानंतर काही वर्षं दुःखाने आणि रागाने दूर राहिल्या होत्या, पुढे आपण होऊन ख्रिस्ती झाल्या, त्यांनी ते काव्य पुढे नेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने अध्यायामागून अध्याय लिहिले. शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीला एक अढळ पुस्तक दिलं. त्याही १९३६ मध्ये गेल्या. केडगावला मनोरमाबाई आईचं काम पुढे चालवणार असं सगळे धरून चालले होते. जुलै १९२१ मध्ये त्या गेल्या. लेकीमागे रमाबाई नऊच महिने जगल्या. भाषांतराची शेवटची प्रुफं पुरी होईपर्यंत आयुष्य दे, असं त्यांनी देवाजवळ मागितलं आणि ती पुरी करूनच ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या गेल्या, असं मुक्तीतल्या बायका सांगत. छापून, बांधून तयार झालेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. ते १९२४ साली बाहेर पडलं.

त्याची एक प्रत आमच्या गावी आली तेव्हा आजी दहा वर्षांची होती. पणजीने भाकरीच्या पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग पुस्तक उघडून आपण जुळवलेली पानं शोधू लागली. दहा-बारा वर्षांत पुन्हा जुळणी झालेली, ती पानं कुठून सापडणार! आजीने विचारलं, "तुझं पान कुठलंय?" पणजी बराच वेळ पानं उलटत राहिली आणि म्हणाली, "आता सगळंच माझं." मग तिने तिथंच उंबऱ्यात बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेजारच्या बायका जमल्या. त्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, आणि ऐकलेलं प्रत्येकीला समजलं. बाईंची मेहनत फळाला आली ती अशा उंबऱ्यांवर. बाईंनी ते उंबरे कधी पाहिले नाहीत.

आनंद आणि शांती हे शब्द आपण फार लवकर उच्चारतो. माझ्या आजीचा एक मुलगा, माझा काका, विषमज्वराने गेला. अठरा वर्षांचा होता, मॅट्रिक झालेला. तिने उपास केले होते, मंडळीने रात्र रात्र प्रार्थना केली होती. तो वाचला नाही. त्यानंतर कित्येक दिवस आजी प्रार्थनेला बसायची आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. पणजी तेव्हा हयात होती. ती लेकीजवळ नुसती येऊन बसायची. उपदेश केला नाही, देवाची बाजू मांडली नाही. एक दिवस आजी म्हणाली, "आई, तो मला दिसत नाही." पणजी म्हणाली, "कोण? पोरगा की देव?" आजी म्हणाली, "दोघं." पणजी म्हणाली, "मग आता दोघांवर सारखंच प्रेम करायचं. न दिसणाऱ्यावर प्रेम करायला तुला पोरानं शिकवलंय."

आजी सांगायची, त्या दिवशी ती खूप रडली आणि त्या रात्री तिला झोप लागली. दुःख गेलं नाही. काकाचा वाढदिवस आला की तिचे डोळे पुढे चाळीस वर्षं भरून येत राहिले. पण ती गात गात भाकरी थापायची, गल्लीतल्या कुठल्याही बाळंतिणीकडे आधी पोचायची, आणि कुणाचं पोर आजारी पडलं की रात्रभर उशाशी बसायची. आमच्या घरात सगळ्यांत जास्त हसणारं माणूस तीच होती. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. मोठेपणी मी पुष्कळ सुखवस्तू घरं पाहिली आणि तेव्हा त्या हसण्याची किंमत कळली.

माझ्या यजमानांच्या शेवटच्या आजारात मला ती शांती जवळून भेटली. दवाखान्यातल्या रात्री लांब असतात. नळ्या, यंत्रांचे आवाज, मध्येच कुठल्यातरी खाटेवरचा आक्रोश. मी बरं होण्यासाठी प्रार्थना करत होते आणि ते बरे होत नव्हते. एका रात्री मागणं संपलं. मागण्यासारखं काही उरलं नाही, आणि तरीही मी प्रार्थनेतच होते. कुणीतरी जवळ आहे याची इतकी साधी, इतकी खात्रीची जाणीव झाली की मी उठून तोंड धुतलं, डबा उघडून दोन घास खाल्ले, शेजारच्या खाटेपाशी रडणाऱ्या अनोळखी बाईला हाताला धरून माझ्याजवळ बसवलं आणि तिलाही दोन घास भरवले. प्रकाश दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. भूक लागली, दुसऱ्याचं दुःख दिसलं आणि भीती गेली. पौल जिला बुद्धीपलीकडची म्हणतो ती शांती हीच, याबद्दल मला तिळभर शंका नाही. चार दिवसांनी यजमान गेले. मला त्यांचा हात शेवटपर्यंत धरता आला, आणि माझा हात थरथरला नाही.

न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवणारी माणसं वास्तवापासून पळतात, असं कुणी म्हटलं की मला मुक्तीतली पेज वाढणारी बाई आठवते. ज्या रमाबाईंनी आपले आईबाप उपासमारीने गेलेले पाहिले, त्यांनीच दोन हजार उपाशी जीवांची चूल पेटवली. दिसेल तेवढ्यावरच हिशेब केला असता तर त्या पन्नास मुलींवर थांबल्या असत्या. पदरी पैसा नव्हता, पाऊस नव्हता, आपल्यामागे हे कोण चालवील याची शाश्वती नव्हती. फळ आपल्या हयातीत दिसलंच पाहिजे ही अट ज्याने सोडली, त्याला मोठं काम हाती घेता येतं, आणि ते करताना आनंदी राहता येतं. ती अट सोडायला धीर लागतो. तो धीर रमाबाईंना, टिळकांना, माझ्या पणजीला ख्रिस्ताकडून मिळाला. जो स्वतः मोजकेच शिष्य मागे ठेवून, त्यांतलेही बहुतेक पळालेले असताना, क्रुसावर गेला आणि काम पुरं झालं म्हणाला, त्याच्याकडून तो मिळणं मला स्वाभाविक वाटतं.

मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे. तिथल्या आजच्या मुलींनी रमाबाईंना पाहिलेलं नाही, जशी मी माझ्या पणजीला पाहिली नाही. मी माझ्या गावाकडच्या मंडळीत शब्बाथ शाळेत मुलांना गाणी शिकवते. बाजाची पेटी जुनी आहे, दोन स्वर बसत नाहीत. मुलं बेसूर गातात, मध्येच खिडकीबाहेर बघतात, खाऊची वाट पाहतात. टिळकांची भजनं, रमाबाईंची विहीर, गाडीतला तो अनोळखी माणूस, हे सगळं मी त्यांच्या कानावर घालते. यांतलं कोण पुढे काय लक्षात ठेवील आणि कुठल्या अवघड रात्री कुणाला ते उपयोगी पडेल, ते माझ्या डोळ्यांना दिसणार नाही. शिकवताना मला जो आनंद होतो, त्यात त्यामुळे तसूभरही उणेपणा येत नाही.